मेलोडिकाची फुंक सॉफ्टवेअरमध्ये भरताना

मेलोडिका म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायचं, पियानोसारख्या पट्ट्यांचं छोटं वाद्य. तिच्या पट्टीला जोर कळत नाही. बोट अलगद टेकवा नाहीतर आपटा, पट्टी फक्त खालची झडप उघडते. आवाज लहान की मोठा, गोल की धारदार, सरळ की कापरा, हे सगळं तोंडात ठरतं. संगीताची सॉफ्टवेअर मात्र पियानोच्या हिशेबाने बनलेली असतात. पट्टी जितक्या वेगाने खाली जाईल तितका आवाज मोठा. या वेगाला वेलॉसिटी म्हणतात आणि सॅम्पल केलेली, म्हणजे खऱ्या वाद्याचे सूर रेकॉर्ड करून बनवलेली, बहुतेक वाद्यं तिच्याच तालावर नाचतात. मी वापरून पाहिलेली मेलोडिकाची फुकट सॅम्पल्सही तशीच होती. एक मध्यम फुंक रेकॉर्ड करायची, ती सगळ्या पट्ट्यांवर ताणायची आणि वेलॉसिटी वाढली की नुसता आवाज वाढवायचा. एकटा सूर ऐकला तर ठीक वाटायचं. सलग ओळ वाजवली की मात्र खेळण्यातला कीबोर्ड ऐकल्यासारखं होई.

म्हणून स्वतःच्याच मेलोडिकाचं सॅम्पलिंग करायचं ठरवलं. काम सुरू केल्यावर लक्षात आलं की माइक, खोली, फाइली हा भाग तुलनेने सरळ आहे. खरी डोकेदुखी आहे ती फुंक.

वाद्य तसं साधं. 32 पट्ट्या, मिडीच्या, म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेच्या, आकड्यांत 53 ते 84. सगळ्यात खालचा सूर एफ, 174.6 हर्ट्झचा, आणि सगळ्यात वरचा सी, 1046.5 हर्ट्झचा. आत प्रत्येक सुराला धातूची एकच पत्ती असते. तिचं एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं खाचेत मोकळं. हार्मोनियम, अकॉर्डियन, माउथऑर्गन ही सगळी याच कुळातली. पेटीत हवा भाता देतो, इथे फुप्फुसं. होनर या जर्मन कंपनीने 1950च्या दशकाच्या अखेरीस मेलोडिका बाजारात आणली. यामाहाची पियानिका आणि सुझुकीची मेलोडियन ही तिचीच भावंडं. बऱ्याच ठिकाणी तिची ओळख शाळेच्या संगीतवर्गापुरतीच राहिली, पण जमैकाच्या ऑगस्टस पाब्लोने 1970च्या दशकात रेगे आणि डब या तिथल्या संगीतप्रकारांत तिला मानाची जागा मिळवून दिली. मला सॉफ्टवेअरमध्ये हवी होती ती ही दुसरी मेलोडिका, श्वासाबरोबर फुगणारी आणि विरणारी.

इथे पेच असा येतो. मी फुंकलेला सूर रेकॉर्ड होतो तेव्हा माझी फुंकही त्यात कायमची बसते. माझा दम कुठे वाढला, कुठे हलला, सगळं त्या फाइलमध्ये राहतं. पुढे ते सॅम्पल वाजवणारा त्यावर स्वतःची फुंक चढवणार, ब्रेथ कंट्रोलरने, म्हणजे फुंकेचा जोर आकड्यांत बदलून सॉफ्टवेअरला देणाऱ्या उपकरणाने, किंवा निदान मॉड्युलेशन व्हीलने, म्हणजे कीबोर्डवरच्या चाकाने. म्हणजे एकाच सुरात दोन फुंका, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. वाजवणारा आवाज हळूहळू वाढवत असतो आणि नेमकी तिथेच माझी रेकॉर्ड झालेली फुंक मंदावलेली असते. तेव्हा धोरण ठरलं, की माझी फुंक शक्य तितकी निर्विकार ठेवायची. व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचा कंप, नको, चढउतार नको, भाव तर नकोच. आवाज भरून काढायचा तो वाजवणाऱ्याने.

निर्विकार फुंकणं सोपं नाही. संगीताची सवय असलेल्या माणसाला तर अजूनच अवघड, कारण लांब सूर लावला की आपण नकळत त्याला आकार देतो. शिवाय 32 सुरांना एकसारखा दाब द्यायचा तर कानावर भिस्त ठेवून भागत नाही. खालच्या पत्त्यांना हवा जास्त लागते आणि त्या उशिरा बोलतात, वरच्या चटकन बोलतात. कानाला सारखा वाटणारा आवाज म्हणजे सारखा दाब नव्हे. दाब डोळ्यांना दिसायला हवा होता.

उपाय जुना आणि बिनखर्चाचा आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर बसवली, तिच्यात रंग घातलेलं पाणी भरलं आणि मागे मोजपट्टी चिकटवली. मेलोडिकाला फुंकायची जी लांब लवचीक नळी असते तिच्या वाद्याकडच्या टोकाला तीन तोंडांचा जोड घातला आणि एक फाटा या पाण्याच्या नळीकडे नेला. फाटा वाद्याजवळच हवा. तोंडाजवळ घेतला तर लांब नळीत खर्च होणारा दाबही मोजला जातो. फुंकलं की एका बाजूचं पाणी खाली जातं, दुसरीकडचं वर चढतं. दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे दाब. पाण्याचा एक सेंटिमीटर म्हणजे साधारण 98 पास्कल. सौम्य, मध्यम आणि जोरकस अशा तीन फुंकांसाठी 3, 8 आणि 16 सेंटिमीटरच्या खुणा केल्या. तीनच्या खाली खालच्या पत्त्या कधी बोलायच्या, कधी नाही. सोळाच्या वर आवाज फारसा वाढत नव्हता, नुसता चरचरीत होत होता.

त्या पाण्याकडे बघत फुंकायला लागल्यावर माझा दम किती हलतो ते उघडं पडलं. कानाला अगदी सरळ वाटणाऱ्या सुरात पाणी मात्र सतत डुलत होतं. मग हळूहळू नजर आणि पोट यांची जोडी जमली. पाणी खुणेच्या खाली घसरायला लागलं की पोटातून किंचित रेटा, वर गेलं की किंचित सैल. गळा आणि गाल मध्ये येऊ द्यायचे नाहीत, कारण गालांनी दिलेला दाब लगेच थरथरतो. एक सावधगिरी मात्र हवी. जोरकस फुंकेच्या मध्येच खोकला आला तर रंगीत पाणी नळीतून बाहेर उडतं. तेव्हा नळीची उंची खुणेच्या दुपटीहून जास्त ठेवावी आणि पाणी वाद्यापेक्षा खालच्या पातळीवर असावं.

मधल्या काळात मोटरच्या पंख्याने हवा देऊन पाहिली. दाब अगदी स्थिर मिळाला, पण पंख्याची घरघर नळीतून थेट सुरात उतरली. लांब नळी घेऊन पंखा दुसऱ्या खोलीत ठेवला तरी ती पूर्ण गेली नाही. त्या नादाला पुढे लागले नाही.

आता सुराची सुरुवात. मेलोडिकावर ती दोन तऱ्हांनी होते आणि दोन्ही वेगळ्या ऐकू येतात. एक म्हणजे जिभेची. पट्टी आधीच दाबलेली असते आणि 'तू' म्हणताना जशी जीभ सुटते तशी फुंक सुटते. दुसरी पट्टीची. तोंडाने दाब आधी तयार ठेवायचा आणि मग बोट टाकायचं. जलद ओळींत एकाच श्वासात सूर बदलतात, तेव्हा हीच दुसरी तऱ्हा चालते. तिचा आरंभ जास्त टोकदार असतो.

पट्टीच्या आरंभात पाण्याची गंमत बघण्यासारखी असते. एकही पट्टी दाबलेली नसताना फुंकलं की हवा जायला वाट नसते. पाणी आठच्या खुणेवर जाऊन निश्चल उभं राहतं, जणू कोणी बोटाने धरून ठेवलंय. मग पट्टी दाबली की हवा वाहायला लागते आणि पाणी झपकन बोटभर खाली येतं. फुप्फुसं मागून रेटा देतात आणि ते परत खुणेवर चढतं. हे सगळं क्षणार्धात होतं, पण रेकॉर्डिंगच्या आलेखात स्वच्छ दिसतं. सूर ठणकून सुरू होतो, किंचित खचतो आणि मग सावरतो. आधी वाटलं की हा खड्डा एडिटिंगमध्ये भरून काढावा. मग तो भरलेला आणि न भरलेला असे दोन्ही सूर पाठोपाठ ऐकले. न भरलेल्यात माणूस होता. तो खड्डा तसाच ठेवला. निर्विकारपणाला घातलेला हा एकच अपवाद, आणि तो फुंकेपेक्षा वाद्याच्या यंत्रणेचा जास्त आहे.

जिभेच्या आरंभाला लांब नळी नडते. नळीतली हवा उशीसारखी दबते आणि जिभेचा ठोका वाद्यापर्यंत पोचेतो बोथट होतो. म्हणून त्या सॅम्पल्ससाठी छोटं मुखपत्र लावलं आणि पाण्याच्या फाट्याची बारीक नळी ओठांच्या कोपऱ्यात धरली. दिसायला विचित्र, पण तोंडातला दाब नेमका कळतो. तोंड वाद्याजवळ आल्यामुळे श्वासाचा आवाज माइकमध्ये जास्त येतो, तेवढं सोसलं. ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटली तर मात्र ती फुंक रद्द, कारण तो सुस्कारा नंतर निघत नाही.

रेकॉर्डिंगआधी वाद्य गरम करावं लागतं. थंड पत्तीवर श्वासातली वाफ बसून पाणी होतं, सूर उतरतो आणि एखादी पत्ती मुकीही होते. मी सुरुवातीचा वेळ सगळ्या पट्ट्या नुसत्या वाजवण्यात घालवला आणि मग दर काही सुरांनंतर मागची पाणी काढायची कळ दाबून जोरात फुंकून आतला ओलावा बाहेर काढला. अंगठ्याखाली ती कळ दाबली की आधी फुस्स आवाज येतो आणि मग दोन-चार थेंब पडतात. थेंब यायचे थांबले की पुढचा सूर घ्यायचा.

खोलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जितकी कोरडी तितकी बरी, कारण घुमारा नंतर घालता येतो, काढता येत नाही. भिंतींवर आणि मागे जाड पांघरुणं टांगली, पंखे आणि फ्रिज बंद केले. एक लहान डायाफ्रामचा कार्डिऑइड कंडेन्सर माइक साधारण 40 सेंटिमीटरवर ठेवला, पट्ट्यांच्या समोर नव्हे, तर वाद्याच्या पाठीकडे जरा तिरपा. पट्ट्यांच्या बाजूने लाकडी ठकठक जास्त येते. वाद्य स्टँडवर पक्कं बसवलं. हातात धरलं की प्रत्येक सुराला अंतर बदलतं आणि मग बत्तीस सूर बत्तीस जागांहून आल्यासारखे वाटतात. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि सगळ्यात जोरकस सूर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील एवढी पातळी. ती एकदा ठरली की शेवटपर्यंत हलवायची नाही. सौम्य सूर लहान दिसतात म्हणून हात शिवशिवतात, पण त्यांचं लहानपण हीच माहिती आहे.

प्रत्येक पट्टी स्वतंत्र घ्यायची की दर तिसरी घेऊन मधल्या ताणायच्या, यावर मी फार विचार केला नाही. मेलोडिकात एकाही पत्तीचा स्वभाव शेजारणीशी जुळत नाही. माझ्या वाद्यात एक सूर जरा नाकातला आहे, त्याच्या वरचाच गोल. ताणून बसवलेल्या सॅम्पलमध्ये तोच नाकातला आवाज तीन पट्ट्यांवर ऐकू येतो आणि कान लगेच टिपतो. म्हणून सगळ्या 32, प्रत्येकी तीन दाबांत आणि दोन आरंभांत, म्हणजे 192 सूर. प्रत्येक सूर आठ सेकंद धरायचा. खालचा एफ सोळाच्या खुणेवर आठ सेकंद धरताना फुप्फुसं तळाला जातात. म्हणून अवघड सूर आधी घेतले, ताज्या दमाने, आणि वरचे शेवटी. तरी मध्ये मध्ये डोकं गरगरतं. सलग फुंकत राहू नये, बसून घ्यावं, हे कुणी सांगायची वेळच येत नाही.

सुरांबरोबर वाद्याची कुरबूरही घेतली. न फुंकता पट्टी दाबल्याचा आणि सोडल्याचा आवाज, प्रत्येक पट्टीचा वेगळा. आत फेल्टची गादी झडपेवर बसते तो मऊ थाप ऐकायला क्षुल्लक वाटतो. अगदी बारीक आवाजात सुराच्या शेवटी जोडला की मात्र वाद्याला अंग येतं.

कापाकापी आणि नावं देणं हे कंटाळवाणं काम, पण एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. फाइलच्या नावात सूर अक्षरांनी लिहू नका. मिडी क्रमांक 60चा सी काही कंपन्यांच्या हिशेबात सी 3 असतो, काहींच्या हिशेबात सी 4. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेलात की सगळं वाद्य एक सप्तक सरकून बसतं. क्रमांकच लिहावा: 053, 054, असा 084 पर्यंत. पुढे दाब, मग आरंभ.

सुरुवात कुठून कापायची हा प्रश्न तितका यांत्रिक नाही. खालच्या पत्त्या हलायला वेळ घेतात. अगदी ऐकू येण्याच्या क्षणापासून कापलं तर सगळ्या पट्ट्या सारख्या तत्पर होतात आणि वाजवायला मजा येते, पण खालच्या सुरांचं जड उठणं हरवतं. काहीच कापलं नाही तर खालचा सूर प्रत्येक वेळी तालाच्या मागे पडतो. खऱ्या वाद्यावर वादक हे जाणून जरा आधी फुंकतो. की-बोर्डवर बसलेला तसं करणार नाही. मी खालच्या सप्तकात दहा-वीस मिलिसेकंद शिल्लक ठेवले, वर जवळजवळ काही नाही. आवाज साफ करायची सॉफ्टवेअर वापरलीच नाहीत. सुस्कारा हा या वाद्याच्या आवाजाचाच भाग आहे, तो काढायला गेलं की सूर पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो. फक्त 90 हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाकलं. तिथे या वाद्याचा एकही सूर नाही, होती ती फक्त खोलीची गुरगुर.

मग सूर जुळवणं. मोकळ्या पत्तीचा एक उलटा स्वभाव आहे: जोरात फुंकलं की सूर उतरतो. बासरीत जोर केला तर सूर चढतो, त्यामुळे बासरीची सवय असलेल्याला हे खटकतं. अनेक मेलोडिकांत ए हा सूर 440 ऐवजी 442 हर्ट्झला लावलेला येतो. हा फरक सुमारे 8 सेंटचा आहे (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट), त्यामुळे जोरात वाजवलं तरी सूर फार खाली पडत नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये खालच्या सुरांत सौम्य आणि जोरकस फुंकेत पंधराएक सेंटचं अंतर होतं, वरच्या टोकाला चार-पाच सेंटचं. हे वाद्याचं चारित्र्य आहे, ते घालवायचं नव्हतं. तरीही मी सगळ्या 192 फाइली आधी नेमक्या सुरात आणल्या. त्याचं कारण पुढच्या पायरीत आहे.

वाजवणाऱ्याने फुंक वाढवली की सौम्य सॅम्पल मागे जाऊन मध्यम पुढे यायला हवं, मग जोरकस. मधल्या टप्प्यात दोन सॅम्पल्स एकाच वेळी वाजतात. त्यांच्यात दहा सेंटचा फरक असेल तर दोन मेलोडिका जरा बेसूर वाजल्यासारखी लहर येते, अकॉर्डियनमध्ये दोन पत्त्या मुद्दाम किंचित वेगळ्या लावतात तशी. तिथे ती हवी असते, इथे नको. सूर जुळले तरी पुरत नाही. दोन लहरींचे चढ-उतार एकमेकांशी उलटे पडले तर आवाज वाढायच्या ऐवजी मध्येच पोकळ होतो. म्हणून तीनही दाबांच्या फाइलींत प्रत्येक आवर्तन दुसऱ्याच्या आवर्तनावर बसवावं लागतं. सुदैवाने पत्तीचा सूर फार शिस्तीचा असतो. आवर्तन एकदा ठरलं की तसंच पुन्हा पुन्हा येतं, त्यामुळे सूर नेमका जुळवून फाइल जास्तीत जास्त अर्ध्या आवर्तनाइतकी मागेपुढे सरकवली की दोन्ही गळ्यात गळा घालून चालतात. प्रत्येक पट्टीसाठी स्क्रीनवर दोन आलेख एकाखाली एक ठेवून शिखरावर शिखर आणायचं. सगळ्या कामातला सर्वांत जास्त वेळ इथे गेला आणि सर्वांत जास्त फळही इथेच मिळालं.

लूपचंही तसंच. आठ सेकंदांपुढे सूर चालू ठेवायचा तर मधला तुकडा फिरत राहायला हवा. एक-दोन आवर्तनांचा लूप घेतला की आवाज लगेच यंत्राचा होतो. लांब घेतला की फुंकेतलं उरलंसुरलं डुलणं त्यात अडकतं आणि दर फेरीला तीच लाट परत येते. कानाला दुसऱ्या फेरीतच ती कळते. मी दीड ते दोन सेकंदांचे लूप घेतले, आधी त्या भागातला आवाजाचा हळू चढउतार सपाट केला आणि जोडावर लांब क्रॉसफेड दिला, म्हणजे एक तुकडा विरत असताना दुसरा वाढत येतो. लहरी जुळलेल्या असतील तर क्रॉसफेड सरळ रेषेचा घ्यावा. समान शक्तीचा वक्र घेतला तर जोडावर आवाज फुगतो. पाण्याच्या नळीची मेहनत इथे वसूल झाली: ज्या सुरांत पाणी हललं नव्हतं त्यांचे लूप पहिल्या झटक्यात बसले.

सगळं एकत्र बांधायला एसएफझी हा प्रकार निवडला. ती साधी मजकुराची फाइल असते: कोणती फाइल कोणत्या पट्टीवर, लूप कुठून कुठे, कोणत्या परिस्थितीत वाजायची. वाचता येते, हाताने बदलता येते आणि ती चालवणारे फुकट प्लेअर मिळतात. सगळ्यात आधी वेलॉसिटीचा आवाजावरचा परिणाम शून्य केला. त्या जागी मिडीचा कंट्रोलर क्रमांक 2, जो ब्रेथ कंट्रोलरसाठीच राखलेला आहे, तो आणला. 1983च्या यामाहा डीएक्स 7 या सिंथेसायझरवर फुंकायच्या कंट्रोलरसाठी जागा होती, म्हणजे ही कल्पना मिडीइतकीच जुनी आहे. या आकड्यावर तीन थर एकमेकांत विरघळतात. एसएफझीत क्रॉसफेडचा वक्र निवडता येतो. आपोआप मिळतो तो समान शक्तीचा, तो बदलून सरळ बेरजेचा घ्यायला विसरू नये, नाहीतर लहरी जुळवण्याचा खटाटोप अर्धा वाया जातो.

आणि मग आधी काढून घेतलेला सूर परत दिला. फुंकेचा आकडा वाढला की सूर काही सेंट खाली जावा, खालच्या पट्ट्यांवर जास्त, वरच्यांवर कमी, हे फाइलमध्येच लिहिलं. फरक असा की आता तो उतार सॅम्पलमध्ये गोठलेला नाही, वाजवणाऱ्याच्या फुंकेबरोबर हलतो. फुंक हळूच सोडली की शेवटी सूर किंचित वर उचलला जातो, खऱ्या मेलोडिकात होतो तसाच. हा बारीकसा बदल कोणाच्या लक्षात येणार नाही असं वाटलं होतं. तो बंद करून ऐकलं तर ओळीचा शेवट कापल्यासारखा वाटतो. व्हायब्रॅटोही वेगळा घालावा लागला नाही. कंट्रोलरवर फुंक हलवली की आवाज, धार आणि सूर तिन्ही एकदम हलतात.

दोन आरंभांतला कोणता कधी वाजावा, हेही फुंकेवरच सोपवलं. पट्टी दाबली त्या क्षणी फुंकेचा आकडा आधीच वर असेल तर पट्टीचा आरंभ, शून्याच्या जवळ असेल तर जिभेचा. सलग ओळीत आपोआप टोकदार सूर येतात, श्वास तोडून परत घेतला की मऊ. एक जागा मात्र रिकामी राहते. पट्टी न सोडता फक्त जिभेने सूर पुन्हा पुन्हा तोडायचा असेल तर सॉफ्टवेअरला नवा सूर सुरू झाल्याचं कळत नाही. लूप नुसता दबतो आणि परत फुगतो, जिभेचा ठोका येत नाही. तिथे पट्टी पुन्हा दाबणं हाच मार्ग.

तीन-चार सुरांची स्वरसंगती हा आणखी एक पैलू. खऱ्या वाद्यात सगळ्या पत्त्या एकाच फुंकेवर जगतात. पट्ट्या वाढल्या की हवा वाटली जाते आणि प्रत्येक सूर थोडा दबतो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सुराला आपापली पूर्ण फुंक मिळते, त्यामुळे भरगच्च स्वरसंगती अवाजवी दांडगी होते. साध्या एसएफझीत किती पट्ट्या दाबल्यात हे मोजून आवाज कमी करणं जमलं नाही. सोबतच्या टिपेत एवढंच लिहिलं की चार सूर एकदम वाजवताना फुंकेचा हात आवरता घ्यावा. ज्यांच्या सॅम्पलरमध्ये स्क्रिप्ट लिहिता येते त्यांनी ते खुशाल करावं.

ज्यांच्याकडे ब्रेथ कंट्रोलर नाही त्यांच्यासाठी तीच व्यवस्था मॉड्युलेशन व्हीलवर दुसऱ्या फाइलमध्ये दिली आहे. डावा हात चाकावर, उजवा पट्ट्यांवर. हे बसायला जरा सराव लागतो, पण माउसने आवाजाच्या रेघा काढत बसण्यापेक्षा पुष्कळ बरं. पहिली आवृत्ती सीसी झिरो परवान्याखाली ठेवली, म्हणजे कोणीही, कशासाठीही वापरावी. नावात कोणत्याही कंपनीचं नाव घातलं नाही.

पट्टी अर्धवट दाबून जोरात फुंकलं की सूर खाली वाकतो, ती करामत अजून आत आलेली नाही. अर्ध्या झडपेतून जाणारी हवा पत्तीला वेगळ्याच तऱ्हेने हलवते, आवाज आक्रसतो आणि सूर घसरतो. नुसता पिच बेंड, म्हणजे सॉफ्टवेअरची सूर वरखाली सरकवायची सोय, लावून तो आवाज येत नाही. त्यासाठी प्रत्येक पट्टीखाली ठराविक जाडीचा तुकडा सरकवून ती अर्ध्यावरच अडवायची आणि सगळे सूर पुन्हा घ्यायचे, असं सध्या चाललंय. खालच्या सप्तकातले घेऊन झालेत.